धुक्यातले तीनशे

जानेवारीतली सकाळ, सव्वासातची वेळ. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजहून वहिनींचा फोन आला. "भावजी, मशीन तीनशे दहा दावतंय. बारक्याला शाळेत धाडू का नको?"

बारक्याला दमा आहे. दिवाळीनंतर मीच त्यांच्या ओसरीला तो पांढरा डबा लावून दिला होता, हवेतल्या बारीक धुळीचा आकडा दाखवणारा. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घराचा गच्चीचा कठडासुद्धा दिसत नव्हता, कृष्णाकाठी हिवाळ्यात पडतं तसं दाट धुकं होतं. म्हटलं, वहिनी, जरा ऊन येईपर्यंत त्याला घरातच ठेवा, मग पुन्हा आकडा बघून सांगा. साडेनऊला धुकं उठलं आणि तोच डबा पंच्याहत्तरवर आला. मधल्या वेळात कारखान्याची चिमणी थांबली नव्हती, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग तशीच होती. सव्वादोन तासांत डोळ्यांना दिसेल असं बदललं ते एवढंच की धुकं गेलं, हवेतला ओलावा कमी झाला.

मग खरा आकडा कोणता, तीनशे दहा की पंच्याहत्तर? याचं प्रामाणिक उत्तर असं, की दोन्हींवर आहे तसा विश्वास ठेवता येत नाही. असे स्वस्त सेन्सर आता शाळांत, सोसायट्यांत, ग्रामपंचायतींत, लोकांच्या घरांत लागायला लागलेत. ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण डबा विकत घेतला म्हणजे हवा मोजता आली असं होत नाही. तो तपासावा लागतो, खऱ्या यंत्राशेजारी ठेवून जुळवून घ्यावा लागतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ते का लागतं आणि कसं करतात, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगतो.

आधी खरा आकडा म्हणजे काय ते पाहू. हवेतल्या धुळीचा आकडा हा शेवटी वजनाचा आकडा असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यात मावणाऱ्या हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ आहे, ते तो सांगतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यातही सगळी धूळ नाही. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. मोठी धूळ नाकाघशात अडकते, शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. हे बारीक कण फुप्फुसाच्या पार टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात, म्हणून काळजी त्यांची.

आपल्याकडे २००९ पासून लागू असलेल्या मानकांनुसार पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीत ६० आणि वर्षाच्या सरासरीत ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपल्या मर्यादा आणखी खाली आणल्या: चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षासाठी ५. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपली सांगली आहे. 'आपल्याकडं कुठं आलंय दिल्लीसारखं प्रदूषण' असं म्हणणाऱ्यांना मी ही यादी दाखवतो.

हे वजन करायची मूळ पद्धत अगदी वाण्याच्या दुकानातल्यासारखी आहे. एक कोरा, पांढरा, टिकलीच्या पाकिटाएवढा गोल फिल्टर घ्यायचा. ठरलेल्या तापमानाच्या आणि ठरलेल्या कोरडेपणाच्या खोलीत तो निदान एक दिवस ठेवायचा, मग अतिशय नाजूक तराजूवर तोलायचा. यंत्रात बसवून चोवीस तास त्यातून हवा ओढायची. पीएम २.५ च्या यंत्रातून मिनिटाला १६.६७ लिटर हवा जाते, म्हणजे तासाला बरोबर एक घनमीटर. दिवसाला २४ घनमीटर. फिल्टर पुन्हा त्याच खोलीत ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक भागिले २४, झाला आकडा.

आता ही किती वजनाची गोष्ट आहे बघा. हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील, तर दिवसभरात फिल्टरवर १,४४० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅमहूनही कमी धूळ बसते. साखरेचा एखादा टपोरा दाणा एकटाच याहून जड भरेल. दिवसभर ओढलेल्या हवेतल्या घाणीचं वजन साखरेच्या दाण्याएवढंही नाही आणि आपल्याला ते अचूक हवंय! म्हणून तराजू महाग, खोली महाग, माणूस शिकलेला लागतो. दर तासाला आपोआप आकडा देणारी यंत्रंही असतात. त्यात कागदी पट्टीवर धूळ साठते आणि त्या थरातून बीटा किरण किती अडतात त्यावरून वजन काढतात. त्यांची किंमत कित्येक लाखांत जाते. असं यंत्र प्रत्येक गावात येणं शक्य नाही.

म्हणून मग तो डबा.

आजोळी कौलारू घर असेल तर कवडसा आठवत असेल. दुपारी कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप खाली येते आणि तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. कवडशाच्या बाहेरही कण तेवढेच असतात, पण दिसतात ते फक्त उजेड त्यांच्यावर आपटून आपल्या डोळ्यांकडे उडतो तेव्हा. स्वस्त सेन्सर म्हणजे काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत कोंडलेला कवडसा. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, लाल लेसरचा झोत त्या हवेतून जातो आणि बाजूला बसवलेला एक इलेक्ट्रॉनिक डोळा कणांवरून उडालेला उजेड टिपतो. प्लँटॉवर, नोव्हा, सेन्सिरियन या कंपन्यांच्या अशा डब्या दोन-चार हजार रुपयांत मिळतात आणि बाजारातली बहुतेक तयार उपकरणं यांतलीच एखादी पोटात घेऊन बसलेली असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. सेन्सरनं पाहिला उजेड, आपण त्याला विचारलं वजन. तो पाहिलेल्या उजेडाचा वजनात अनुवाद करून सांगतो आणि तो अनुवाद करायचा कोश कारखान्यात, कुठल्या तरी एका ठरावीक धुळीवर बनवलेला असतो. ती धूळ डिग्रजची नसते.

अनुवाद चुकतो कसा? वजन आणि उजेड एकाच हिशेबानं वाढत नाहीत. २.५ मायक्रोमीटरच्या एका गोल कणाचं वजन अर्ध्या मायक्रोमीटरच्या १२५ कणांएवढं असतं, कारण रुंदी पाचपट म्हणजे आकारमान पाच गुणिले पाच गुणिले पाच. पण तो एक कण त्या १२५ जणांएवढा उजेड उडवत नाही. शिवाय काजळीसारखा काळा कण उजेड उडवण्याऐवजी बराचसा गिळतो. आणि ०.३ मायक्रोमीटरहून फार लहान कण या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाहीत. गाडीच्या धुराड्यातून नुकताच निघालेला धूर बराचसा त्याच आकाराचा असतो. म्हणून स्टँडसमोर उभं राहून नाक चुरचुरत असताना डबा कधीकधी निवांत आकडा दाखवतो.

आपल्या जिल्ह्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. गाळपाचा हंगाम सुरू झाला की फडात पाचट पेटतं, गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडं पडतात, कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, जळतो. ही सगळी बारीक, धुराची धूळ. उन्हाळा आला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे वावटळी उठतात. ती मातीची जाडी धूळ, दाणे थोडे पण वजन भरपूर. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना हवेत असते ती पुन्हा तिसरीच धूळ. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, पण दमट होते. डबी एकच, तिचा कोश एकच, आणि तिच्यासमोर येणारी धूळ मात्र दर दोन महिन्यांनी बदलते.

जाड्या धुळीच्या बाबतीत तर मी स्पष्टच सांगतो: या स्वस्त डब्यांवरचा पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या धुळीचा, आकडा पाहू नका. जाडे कण जड असतात, छोट्या पंख्याच्या ओढीनं ते वळून आत येत नाहीत, आले तरी झोतापर्यंत पोचण्याआधी भिंतीवर बसतात. बऱ्याच डब्या तो आकडा मोजत नाहीत, बारीक कणांवरून अंदाजानं काढतात. मी स्वतः ही चूक केली आहे. फेब्रुवारीत जुळवून घेतलेला डबा मे महिन्यात जतच्या बाजूला एका नातेवाइकांच्या घरी लावला. वारा असा सुटला होता की टेबलावर बोटानं नाव लिहावं इतका थर बसला. डब्यावरचा पीएम १० मात्र सरकारी मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली. त्या घरातल्या आजींनी डब्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या यंत्राला दिसत नाही वाटतं." बरोबर होतं त्यांचं.

धुक्याचं गणित

पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, हे घरोघरी माहीत असतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. हवेतल्या धुळीतही असे क्षार असतात. धुरातून निघालेले सल्फेट, खत आणि शेणमूत्रातून सुटलेल्या अमोनियाशी मिळून झालेले अमोनियमचे क्षार. हवा कोरडी असते तोवर हे कण सुके असतात. आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून फुगायला लागतात आणि ९० टक्क्यांच्या पुढे तर फारच. कण फुगला की जास्त उजेड उडवतो. सेन्सरला वाटतं, धूळ वाढली. वाढलेलं असतं पाणी.

फिल्टरची पद्धत इथे फसत नाही, कारण तोलण्याआधी फिल्टर कोरड्या खोलीत ठेवून सुकवलेला असतो. लाखाच्या यंत्रांत हवा आत येण्याच्या नळीलाच हीटर असतो. आपल्या डबीत हीटर नाही. नदीकाठच्या हिवाळी पहाटे आर्द्रता शंभराच्या आसपास असते आणि वहिनींचे तीनशे दहा त्यातून आले.

पण 'धुकं होतं, म्हणजे आकडा खोटा, म्हणजे हवा चांगली' असा उलटा निष्कर्ष काढू नका. ही चूक पहिलीपेक्षा वाईट. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गावातला धूर वर न जाता तळाशी साचून राहतो. धुकं पडायला जी परिस्थिती लागते, तीच धूर साचायलाही लागते. म्हणजे त्या सकाळी हवा खरोखरच वाईट असणार, फक्त तीनशे दहा इतकी नाही. दीडशे असेल का? ऐंशी? जुळवणी केल्याशिवाय सांगता येत नाही आणि बारक्याला शाळेत पाठवायचं की नाही हे नेमकं त्यावरच अवलंबून आहे.

काटा तपासून घेणं

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला कॅलिब्रेशन समजावावं लागत नाही, फक्त त्याला ते नाव माहीत नसतं. काट्याबद्दल शंका आली की तो काय करतो? भरलेली ट्रॉली आधी बाहेरच्या, खात्रीच्या वजनकाट्यावर घालतो, पावती घेतो, मग तीच ट्रॉली दुसऱ्या काट्यावर. ट्रॉली तीच, ऊस तोच, दोन काटे. फरक आला तर दोष काट्याचा. हवेच्या बाबतीतही एवढंच करायचं असतं. खात्रीचं यंत्र आणि आपला डबा शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे दोघांच्या नाकात एकच हवा जाईल.

शेजारी म्हणजे खरोखर शेजारी. त्याच गच्चीवर, काही मीटरच्या आत, हवा घेण्याची तोंडं एका उंचीवर, मध्ये भिंत नाही, एसीचा झोत नाही, खाली चहाची टपरी नाही. माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेच्या गच्चीवर फिल्टरचं यंत्र आहे, तिथे मला डबे ठेवायला परवानगी मिळाली. ही परवानगी मिळवणं हाच या कामातला सगळ्यात अवघड टप्पा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्याकडे खात्रीचं यंत्र आहे त्याच्या दारात जावंच लागतं. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मुंबईत हेच केलं होतं, सरकारी केंद्रांशेजारी देशी कंपन्यांचे सेन्सर लावून त्यांची तुलना केली होती.

त्याआधी घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे आणि ती बरेच जण गाळतात. एकाच कंपनीचे दोन-तीन डबे असतील तर आठ-दहा दिवस ते एकाच ठिकाणी ठेवा. तिघांचे आकडे आपापसांत जुळतात का? तिघेही एकसारखे चुकत असतील तर चालतं, ती चूक पुढे एकाच सूत्रानं काढता येते. पण एक डबा सकाळी चढतो आणि दुसरा उतरतो असं असेल, तर त्यांतला एक बाद. त्याला कितीही गणित लावलं तरी तो सुधारणार नाही.

शेजारी ठेवलेल्या दिवसांतून जोड्या मिळतात: खरं यंत्र काय म्हणालं, डबा काय म्हणाला. समजा खरं २० असताना डब्यानं ४५ दाखवलं, ६० असताना ११५ आणि १०० असताना १८५. कागदावर हे तीन बिंदू मांडले तर ते एका सरळ रेषेत येतात. त्या रेषेतून दोन दोष कळतात. पहिला, रिकाम्या काट्यावरही काही तरी वजन दिसतं. इथे डबा स्वच्छ हवेतही १० दाखवेल. दुसरा, काटा प्रमाणात चुकतो, टनामागे ठरावीक किलो जास्त. इथे प्रत्येक खऱ्या मायक्रोग्रॅममागे डबा पावणेदोन दाखवतो. दोन्ही कळले की उलटा हिशेब सोपा: डब्याच्या आकड्यातून १० वजा करा आणि १.७५ नं भागा. डबा १५० म्हणाला, तर खरे ८०. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, खरे बिंदू इतके शहाण्यासारखे रेषेत कधीच येत नाहीत. ते रेषेभोवती विखुरतात आणि तो विखुरलेपणाच सांगतो की आपल्या दुरुस्त केलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा.

ओलाव्याचा परिणाम काढायचा तर सूत्रात आर्द्रताही घ्यावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं प्लँटॉवर डबी असलेल्या एका प्रसिद्ध सेन्सरसाठी असं सूत्र दिलंय: डब्याचा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२ वजा, आणि वर ५.७५ मिळवा. डबा १०० म्हणतो, आर्द्रता ६० टक्के, तर उत्तर येतं सुमारे ५३. म्हणजे त्या हवेत डबा जवळजवळ दुप्पट दाखवत होता. नेटवर हे सूत्र सहज सापडतं आणि लोक ते जसंच्या तसं इथे वापरतात. ते अमेरिकेच्या धुळीवर, अमेरिकेच्या यंत्रांशेजारी बसून काढलेलं आहे. त्यात पाचटाचा धूर नाही की कृष्णेचं धुकं नाही. तेच सूत्र ९० टक्के आर्द्रतेला लावा, १०० चे ५० होतात. ६० टक्क्यांना ५३ आणि ९० टक्क्यांना ५०, एवढाच फरक. आपण तर धुक्यात आकडा चौपट झालेला पाहिला. पद्धत त्यांची घ्या, आकडे आपल्या गच्चीवरचेच हवेत.

किती दिवस शेजारी ठेवायचं? त्याच संस्थेच्या २०२१ च्या शिफारशींनुसार निदान ३० दिवस, तेही एकाहून जास्त ठिकाणी. तिथे कसोटीही ठरवून दिली आहे: रेषेचा चढ, म्हणजे खऱ्या एका मायक्रोग्रॅममागे डबा किती दाखवतो तो आकडा, ०.६५ ते १.३५ च्या मध्ये हवा, शून्याची चूक पाच मायक्रोग्रॅमच्या आत, आणि आर-स्क्वेअर ०.७० किंवा जास्त. आर-स्क्वेअर म्हणजे खऱ्या यंत्राचा चढउतार डब्याच्या चढउतारावरून किती सांगता येतो त्याचं माप. १ म्हणजे पूर्ण, शून्य म्हणजे काहीच नाही.

या आर-स्क्वेअरपाशी जरा थांबतो, कारण जाहिरातीत सगळ्यात जास्त फसवणूक याच आकड्यानं होते. तुलना दिवाळीच्या आठवड्यात केली तर हवा ३० पासून ४०० पर्यंत फिरते. एवढ्या मोठ्या चढउतारात कसाही डबा खऱ्या यंत्रामागे धावताना दिसतो आणि आर-स्क्वेअर ०.९५ येतो. तोच डबा ऑगस्टमध्ये ठेवा, हवा १० ते २५ मध्येच घुटमळते, तिथे तो चाचपडतो आणि आर-स्क्वेअर ०.४ वर येतो. डबा बदलला नाही, परीक्षेचा पेपर बदलला. म्हणून कोणी '९५ टक्के अचूक' म्हणालं की मी तीन प्रश्न विचारतो: कुठे तपासला, कोणत्या महिन्यात, आणि कशाशेजारी? उत्तरं मिळाली नाहीत तर तो आकडा सोडून देतो.

दुसरी फसगत आपण स्वतःची करतो. ज्या दिवसांच्या जोड्यांवरून सूत्र काढलं, त्याच दिवसांवर ते तपासून 'छान जुळतंय' म्हणतो. मुलाला सरावाला दिलेलीच गणितं परीक्षेत घातली तर शंभरपैकी शंभर पडणारच. काही आठवडे बाजूला काढून ठेवा, सूत्र काढताना त्यांच्याकडे बघूही नका, आणि मग त्यांच्यावर परीक्षा घ्या. आता मशिन लर्निंग लावून, म्हणजे संगणकालाच आकड्यांवरून शिकवून, सूत्र काढायची पद्धत आलीय, तिथे तर हे फारच महत्त्वाचं, कारण ती पाठांतरात भलती हुशार असते.

आणखी एक अडचण आपल्यासारख्या शहरांची. देशातल्या राष्ट्रीय हवा तपासणी कार्यक्रमातली बरीचशी केंद्रं हातानं चालवायची आहेत. आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास, वर्षाला १०४ दिवस नमुने. त्यांच्याशी तुलना करायची तर महिन्याला आठ-नऊच जोड्या मिळतात. आणि त्याही चोवीस तासांच्या सरासरीच्या. डबा पहाटे धुक्यात चौपट चुकला आणि दुपारी बरोबर होता, हे सरासरीत विरघळून जातं. अशा जोड्यांवरून काढलेलं सूत्र दिवसाचा आकडा बरा देईल, पण सकाळी सात वाजता फोन करणाऱ्या वहिनींना त्याचा काही उपयोग नाही. तासातासाच्या आकड्यासाठी तासातासानं बोलणारं खात्रीचं यंत्रच शेजारी लागतं. निदान डबा तरी असा हवा की ठरावीक ओलाव्यापुढे तो आकडा सांगायचा थांबेल.

सूर उतरतो

मिरजेचे तंबोरे देशभर जातात. पण कोणीही गवई असं म्हणत नाही, की मिरजेतून लावून आणलाय, आता वर्षभर सुरात राहील. हवा बदलली, प्रवास झाला की तारा उतरतात, बैठकीआधी पुन्हा लावाव्या लागतात. सेन्सरचंही तसंच. आतला लेसर हळूहळू मंदावतो, डोळ्यावर धुळीचा थर बसतो, पंखा अडखळतो. नोव्हाच्या एसडीएस ०११ या डबीचं आयुष्य कंपनी ८,००० तास सांगते. रात्रंदिवस चालवली तर ते ३३३ दिवसांत संपतं. म्हणून तिला सतत चालवू नका. पाच मिनिटांतून एक मिनिट जागी, चार मिनिटं झोपलेली, अशी लावली तर तेच तास साडेचार वर्षं पुरतात. हवा पाच मिनिटांत एवढी बदलत नाही.

लावण्याच्या जागेबद्दल थोडक्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ नको, मोहरी तडतडली की आकडा उडतो. देवघराजवळ नको, डासांच्या अगरबत्तीजवळ तर नकोच. ऊन आणि पाऊस थेट लागू नये, पण हवा मोकळी फिरावी. पावसाळ्याआधी डबा उघडून बघा. आमच्या एका डब्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि आठवडाभर 'अतिवाईट' हवेची नोंद होत राहिली. एका शाळेतल्या मुलांनी ती हवा कुठून आली याचे तीन अंदाज वहीत लिहून काढले, चौथा अंदाज म्हणून डबा उघडायचं ठरलं. मला त्या मुलांचं फार कौतुक वाटलं.

जुळवणी न केलेल्या डब्याचा काहीच उपयोग नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कोरड्या दिवसांत, त्याच जागी, तोच डबा संध्याकाळी सहाला ४० वरून आठला १६० वर जात असेल आणि हे रोज होत असेल, तर खरा आकडा काहीही असो, सहा ते आठमध्ये जवळपास काही तरी जळतंय हे पक्कं. कुठल्या बाजूचा वारा असताना होतं, रविवारीही होतं का, हे पाहिलं तर कारणापर्यंत जाता येतं. पण तो आकडा घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं असेल, चिमणीबद्दल किंवा वीटभट्टीबद्दल अर्ज द्यायचा असेल, तर जुळवणीचा कागद हातात हवाच. समोरचा पहिला प्रश्न विचारणार: 'हे यंत्र कोणी तपासलंय?' त्याला उत्तर नसेल तर गावाचं खरं दुखणंही त्या एका प्रश्नात वाहून जातं. असं झालेलं मी पाहिलंय आणि त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, कारण धूर खरा होता.

डिग्रजच्या डब्याचं आता असं केलंय. जानेवारी-फेब्रुवारीत तो पाच आठवडे त्या गच्चीवर खऱ्या यंत्राशेजारी होता. दिवसाच्या सरासरीसाठी त्याचं सूत्र निघालं, ते आत भरलंय. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की पडद्यावर आकडाच येत नाही, 'धुकं आहे, थांबा' एवढं येतं. तशा सकाळी बारक्यानं घरात थांबायचं, कारण हवा वाईट असण्याची शक्यता जास्तच, असं आम्ही ठरवलंय. डब्याच्या पाठीवर पट्टी चिकटवली आहे: कुठे जुळवला, कोणत्या तारखांना, कोणत्या यंत्राशी, पुढची जुळवणी कधी. मातीच्या धुळीसाठी हे सूत्र चालणार नाही, म्हणून एप्रिलमध्ये डबा पुन्हा खाली काढायचा आहे.

परवा वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाल्या, "भावजी, पट्टीवरची तारीख संपत आलीया. कधी येताय न्यायला?"